ऑपरेशन झाले, पण गुडघा आखडला!

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीची लगबग सुरू होते. वर्गणीची पुस्तके फिरतात, निळे झेंडे शिवायला पडतात, व्याख्यानांच्या तारखा ठरतात आणि मैदानात चुन्याच्या रेषा मारून कबड्डीचे सामने रंगतात. दोन वर्षांपूर्वी आमचा पुतण्या असाच मैदानात उतरला होता. चढाई करून तो मध्यरेषेकडे वळला, तेव्हा त्याचा पाय जमिनीत रुतल्यासारखा जागीच राहिला आणि अंग मात्र फिरले. ‘कट्’ असा आवाज त्याला आतून ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला.

एम.आर.आय. काढल्यावर डॉक्टरांनी सांगितले की गुडघ्यातले पुढचे लिगामेंट पूर्ण तुटले आहे. सूज उतरल्यावर, जुलैत, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. ते चांगलेच झाले. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारात वंदना सुरू झाली, तेव्हा आमचा हा चोवीस वर्षांचा मुलगा मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसला होता. मांडी घालता येत नव्हती. पंचांग प्रणाम करता येत नव्हता. चालताना तर तो साठीच्या म्हाताऱ्यासारखा एक पाय ओढीत होता. शेजारचे एकजण हसत म्हणाले, "अरे, तीन महिने झाले ना ऑपरेशनला? अजून किती दिवस आराम करायचा?"

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. कारण आमच्याही मनात तोच संशय होता. पोरगा अंगचोर झाला आहे, कामावर जायला नको म्हणून लंगडतो आहे, असे आम्हाला वाटत होते. तो पार्सल पोहोचवण्याचे काम करीत असे. दिवसाला कितीतरी जिने चढायचे काम. तीन महिने घरात पगार नव्हता, मालकाचे फोन येत होते आणि घरात रोज कुरबुर होती. आम्हाला ठाऊक नव्हते की त्याच्या गुडघ्याच्या आत खरोखरच एक अडसर तयार झाला होता, आणि तो तयार होण्यात आमच्या घराचाही हात होता. ही गोष्ट सांगताना संकोच वाटतो. पण आपल्या घराघरांतून मुले-मुली कबड्डी, खोखो, फुटबॉल खेळतात. मोटरसायकलवरून पडून गुडघा जाणारेही पुष्कळ आहेत. आमची चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

गुडघ्याच्या आत काय असते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तो गुडघा. या दोन हाडांना आतून बांधून ठेवणारे दोन दोर असतात. ते एकमेकांना फुलीसारखे ओलांडून जातात. त्यांतला पुढचा दोर म्हणजे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ए.सी.एल. म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि पाय वळवताना गुडघा निसटू नये, हे त्याचे काम.

हा दोर तुटलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही. काहींचे व्यायामावर भागते. परंतु गुडघा वारंवार निसटत असेल, किंवा पळण्या-वळण्याचे काम व खेळ करायचा असेल, तर नवा दोर बसवतात. तो सहसा बाहेरून विकत आणलेला नसतो. बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडनचा पट्टा काढून घेतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. दोन्ही हाडांत बोगद्यासारखी भोके पाडून तो पट्टा त्यांतून ओवतात आणि स्क्रू किंवा छोट्या बटणाने पक्का करतात. हे सगळे दुर्बिणीतून होते, म्हणून बाहेरून जखम लहान दिसते. बाहेरची जखम लहान म्हणून आतले काम लहान, असे मात्र कोणी समजू नये.

व्रण हवा, पण किती?

हाताला विळी लागली तर जखम भरते आणि तिथे व्रण राहतो. व्रण म्हणजे शरीराने लावलेले ठिगळ. गुडघ्याच्या आतही तसेच होते. ऑपरेशननंतर आत सूज येते, मग नव्या पेशी येऊन तंतूंचे जाळे विणतात. हे जाळे नसते तर जखम भरलीच नसती. नवा दोरही हाडाला धरला नसता.

अडचण तेव्हा होते, जेव्हा हे जाळे गरजेपेक्षा जास्त विणले जाते. गुडघा ही बिजागरी आहे. बिजागरीत सिमेंट सांडले तर दार जसे अर्धे उघडून अडते, तसा गुडघा अडतो. वाटीच्या वरच्या बाजूला पिशवीसारखी एक मोकळी जागा असते. गुडघा वाकताना ती उलगडते. तिच्या भिंती एकमेकींना चिकटल्या की वाकणे थांबते. वाटीच्या भोवती जाळे घट्ट झाले की वाटी सरकत नाही. या आजाराला डॉक्टर आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे: सांध्यात व्रणाचे तंतू माजले.

दुसरा एक प्रकार याहून फसवा असतो. नव्या दोराच्या अगदी पुढे, हाडांच्या खाचेत, व्रणाची एक गाठ तयार होते. पाय सरळ करू गेले की ती गाठ दोन हाडांमध्ये चेपली जाते आणि शेवटचे काही अंश पाय सरळ होतच नाही. दारात खडा अडकावा तसे. जॅक्सन आणि शेफर या डॉक्टरांनी १९९० साली तिचे वर्णन केले. दुर्बिणीतून ती एका डोळ्यासारखी दिसते, म्हणून ग्रीक कथांतल्या एकाक्ष राक्षसावरून तिला ‘सायक्लॉप्स’ असे नाव पडले. आमच्या पुतण्याच्या गुडघ्यात हीच गाठ निघाली.

हे का होते?

आपण बौद्ध माणसे. नशिबात होते, कुणाची नजर लागली, असली उत्तरे आपल्याला चालत नाहीत. भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. दुःखाला कारण असते, आणि कारण समजले तर उपाय शोधता येतो. गुडघा आखडण्याचीही कारणे आहेत.

पहिले कारण, सुजलेल्या व तापलेल्या गुडघ्यावर घाईने केलेले ऑपरेशन. अमेरिकेतील डॉ. शेलबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यातच ऑपरेशन झालेल्यांचे गुडघे जास्त आखडले, आणि तीन आठवडे किंवा अधिक थांबलेल्यांचे कमी. तेव्हापासून बहुतेक सर्जन आधी सूज उतरू देतात, पाय पूर्ण सरळ व्हावा आणि मांडीचा स्नायू जागा व्हावा याची वाट पाहतात, आणि मग ऑपरेशन करतात. म्हणून डॉक्टरांनी "आधी थोडे दिवस व्यायाम करा" म्हटले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नका. मात्र फाटलेली गादी सांध्यात अडकून गुडघा अडला असेल तर ऑपरेशन लवकरही करावे लागते. तो निर्णय सर्जनचा.

दुसरे कारण, ऑपरेशननंतर पाय बराच काळ हलवलाच नाही. तिसरे, एकाच वेळी अनेक लिगामेंटांचे मोठे ऑपरेशन. चौथे, आत झालेला जंतुसंसर्ग. पाचवे, नवा दोर थोडा जास्त पुढे बसला तर तो हाडाच्या खाचेला घासतो. आणि काही माणसांच्या शरीराची ठेवणच अशी असते की सर्व काही नीट करूनही व्रण जास्त येतो. म्हणून गुडघा आखडलेल्या प्रत्येकाला "तू व्यायाम केला नाहीस" असे सुनावणे हा अन्याय आहे.

ती उशी आम्हीच ठेवली होती

आता आमच्या घरातली चूक सांगतो. ऑपरेशननंतर मुलगा घरी आला तेव्हा त्याला फार दुखत होते. गुडघा थोडा वाकवून ठेवला की दुखणे कमी व्हायचे. त्याच्या आजीने मायेने गुडघ्याखाली उशी ठेवली. रात्री ती सरकली तर आम्ही उठून पुन्हा नीट लावायचो. जवळजवळ तीन आठवडे तो गुडघा उशीवर वाकलेलाच राहिला.

फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा बोलावले होते. आमच्या घरापासून रुग्णालयापर्यंत रिक्षा, मग लोकल, मग पुन्हा पायपीट. सोबत एकाला खाडा करावा लागे. दोन वेळा गेलो, तिसऱ्या वेळी पाऊस होता, मग राहूनच गेले. ऑपरेशन झाले म्हणजे काम झाले, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढे तीन महिन्यांनी पुन्हा रुग्णालयात गेलो तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याला पालथे झोपवले, पाहिले आणि विचारले, "काका, गुडघ्याखाली उशी देत होता का?"

आम्ही हो म्हटले.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्याच घरांतून देतात. माणूस दुखणाऱ्याला आराम देतो. पण गुडघा ज्या स्थितीत आराम करतो, त्याच स्थितीत तो चिकटतो."

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाचेखाली आणि पोटरीखाली असावी, गुडघ्याखाली नव्हे. गुडघा अधांतरी राहिला पाहिजे, म्हणजे तो आपल्याच वजनाने सरळ होतो. पण एकट्या उशीने गाठ होत नाही, हेही ताईंनी सांगितले. उशी, न हललेला पाय आणि चुकलेल्या फेऱ्या यांनी मिळून वेळ गेला, आणि गुडघा सरळ होत नाही हे कुणी पाहिलेच नाही.

सरळ होणे आधी, वाकणे नंतर

आपल्याकडे लोक विचारतात, "किती वाकतो?" डॉक्टर आधी विचारतात, "सरळ होतो का?" दोन्ही महत्त्वाचे, पण सरळ होणे पहिले. पूर्ण सरळ पाय म्हणजे ० अंश. खुर्चीत बसताना गुडघा सुमारे ९० अंश वाकतो. सपाट रस्त्यावर चालायला साठेक अंश पुरतात. मांडी घालणे, उकिडवे बसणे, जुन्या पद्धतीचा संडास वापरणे, यांना १२० ते १३० आणि त्याहूनही पुढे लागते.

वाकणे थोडे कमी राहिले तर माणूस खुर्चीवर भागवतो. पण पाय पाच अंशांनी जरी सरळ व्हायचा राहिला, तरी माणूस लंगडतो. उभे राहिल्यावर सरळ गुडघा कुलूप लागल्यासारखा स्थिर होतो व स्नायूला विश्रांती मिळते. वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहायचे तर मांडीच्या स्नायूला सतत ओढ धरून ठेवावी लागते. तो थकतो आणि वाटीच्या मागे दुखू लागते. त्या वर्षी ६ डिसेंबरला आमच्या पुतण्याने चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहण्याचा हट्ट धरला. तासाभरात त्याचा पाय थरथरू लागला आणि त्याला रांगेबाहेर बसवावे लागले. तिथे बसून तो रडला. त्या दिवशी आमचा संशय गेला.

गुडघा सरळ होतो की नाही हे घरी पाहता येते. रुग्णाला खाटेवर पालथे झोपवावे. मांड्या खाटेवर आणि गुडघ्यांपासून खालचे पाय खाटेबाहेर लोंबते असावेत. आता मागून दोन्ही टाचा पाहाव्यात. एक टाच दुसरीपेक्षा वर राहिली तर तो पाय तेवढा सरळ होत नाही. मुलांची शाळेची पट्टी घेऊन अंतर मोजा. ढोबळ मानाने एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश.

साधारण हिशेब असा की पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाय पूर्ण सरळ व्हावा आणि दोन आठवड्यांच्या सुमारास ९० अंश वाकावा. दीड महिन्याला १२० अंशांच्या आसपास यावा. सोबत गादी शिवली असेल किंवा इतर दुरुस्ती केली असेल तर डॉक्टर वेगळी मर्यादा घालतात, ती पाळावी. पण हिशेबापेक्षा बरेच मागे पडत असाल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जाऊन दाखवा. पहिले काही आठवडे व्रण कोवळा असतो, ऐकतो. महिने लोटले की तो चामड्यासारखा घट्ट होतो.

वीणेची तार

भगवान बुद्धांच्या काळात सोण नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंत घरातला, तळवे फार कोमल. राजगृहाजवळच्या शीतवनात तो चंक्रमण करता करता तळव्यांतून रक्त येईपर्यंत चालला, तरी मनाला फळ मिळेना. तेव्हा त्याला घरी परतावेसे वाटू लागले. बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा चांगली वाजवीत असे. बुद्धांनी त्याला वीणेचीच आठवण करून दिली. तार फार ताणली तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे.

आखडलेल्या गुडघ्याच्या व्यायामाला याहून चांगला नियम आम्हाला माहीत नाही. काही घरांत पाय हलवतच नाहीत, ती सैल तार. काही घरांत दोन माणसे धरून पाय जबरदस्तीने वाकवतात, मालीशवाल्याकडून रगडून घेतात, हाडवैद्याकडे नेऊन झटका देतात. ती ताणलेली तार. जबरदस्तीने आत पुन्हा बारीक जखमा होतात, रक्त येते, सूज वाढते, आणि शरीर आणखी व्रण विणते. नवा दोर सुरुवातीच्या महिन्यांत कच्चा असतो, तो सुटण्याचाही धोका असतो.

मग किती करावे? ताईंनी सोपी खूण सांगितली. व्यायाम करताना ओढ लागणार, थोडे दुखणार. ते दुखणे तासा-दोन तासांत ओसरले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा कालच्याइतका किंवा त्याहून बरा हलला, तर बरोबर चालले आहे. दुसऱ्या सकाळी गुडघा जास्त सुजलेला, गरम आणि कालच्यापेक्षा कमी हलणारा असेल, तर जास्त झाले. एक दिवस कमी करा, पण बंद करू नका.

आमच्या पुतण्याला दिलेले व्यायाम असे होते. पाठीवर झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा दहा मिनिटे अधांतरी सोडायचा. पालथे झोपून पाय खाटेबाहेर लोंबते ठेवायचे. पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजून सोडायचा. वाटी बोटांनी हलकेच वर-खाली आणि आजूबाजूला सरकवायची. पायाला ओढणी अडकवून टाच हळूहळू कंबरेकडे ओढायची. हे सगळे थोडे थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा. नंतर पंचात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. गरम शेक सुजलेल्या गुडघ्याला नको.

यासाठी कुठलेही महागडे यंत्र लागत नाही. पाय आपोआप हलवणारे यंत्र भाड्याने मिळते, पण त्यात आपला स्नायू काम करीत नाही. मात्र कोणता व्यायाम कधी सुरू करायचा हे आपल्या डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावे. आमची यादी तुमच्या गुडघ्याला जशीच्या तशी लावू नये.

व्यायामाने सुटले नाही तर?

पहिला उपाय म्हणजे नेटाचा व्यायाम आणि सूज कमी करणारी औषधे. ही औषधे डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावीत. दुकानातून वेदनाशामक किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या मनाने आणून खाल्ल्या तर पोट, मूत्रपिंड आणि मधुमेहींची साखर बिघडते. गुडघा गरम व लाल असेल तर आत जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासतात.

वाकणे अडले असेल आणि ऑपरेशनला साधारण सहा ते बारा आठवडे झाले असतील, तर काही वेळा भूल देऊन गुडघा हलक्या हाताने वाकवतात. भुलीत स्नायू सैल पडतात आणि कोवळे तंतू सुटतात. हे काम सर्जनचेच. जोर जास्त लागला तर हाड मोडू शकते, वाटीखालचा टेंडन किंवा नवा दोरही तुटू शकतो. म्हणून उशीर झाला असेल तर हा मार्ग टाळतात.

व्रण पक्का झाला असेल किंवा सायक्लॉप्सची गाठ असेल, तर पुन्हा दुर्बीण घालावी लागते. गाठ अडसर म्हणून बसलेली असताना कितीही ताणले तरी पाय सरळ होत नाही. तेव्हा मुलाला "आणखी जोर लाव" म्हणणे व्यर्थ आहे. एम.आर.आय.मध्ये ती गाठ बहुधा दिसते. लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यार घालून गाठ काढतात, चिकटलेले पापुद्रे सोडवतात, वाटी मोकळी करतात. नवा दोर शाबूत असेल तर त्याला धक्का लावीत नाहीत. मात्र गुडघा अजून सुजलेला व तापलेला असेल तर सर्जन थांबतात. कारण ऑपरेशन म्हणजे आणखी एक जखम, आणि तापलेल्या गुडघ्यात त्या जखमेतूनही व्रणच वाढतो.

आमच्या पुतण्याचे दुसरे ऑपरेशन जानेवारीत झाले. टेबलावरच त्याचा पाय सरळ झाल्याचे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले आणि लगेच बजावले, "काका, अर्धे काम आम्ही केले. उरलेले अर्धे आजपासून तुमच्या घरी." त्याच संध्याकाळी फिजिओथेरपी सुरू झाली. मोकळी केलेली जागा हलती ठेवली नाही तर ती पुन्हा चिकटते. या वेळी आम्ही घरात पाळ्या लावल्या. सकाळी त्याची आई, दुपारी आजी, रात्री आम्ही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टाचेचे अंतर लिहायचे. आजीला आकडे वाचता येत नव्हते, पण पट्टी कुठे धरायची हे ती सगळ्यांना शिकवू लागली.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

ताप येणे, जखमेतून पू किंवा पाणी येणे, गुडघा एकाएकी लाल व फार गरम होणे, ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. पोटरी सुजणे व दुखणे हे रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर एक क्षणही थांबू नये. ही लक्षणे व्रणाची समजून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

पैसा आणि रजा

फिजिओथेरपी सुटते ती बहुधा आळसाने नव्हे, पैशाने आणि खाड्याने. म्हणून ऑपरेशनच्या आधीच पुढच्या तीन महिन्यांच्या फेऱ्यांचा हिशेब करा. घरापासून जवळ कुठे फिजिओथेरपी मिळेल ते रुग्णालयातच विचारा आणि ऑपरेशनचा कागद सोबत ठेवा. रोज जाणे जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे घरी करायचे व्यायाम नीट शिकवून आठवड्याला एकदा तपासता येतील. मुंबईत मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत हे विभाग आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन त्याला विचारा की आपले ऑपरेशन यादीत बसते का. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही भीक नव्हे, हक्क आहे. मागताना मान खाली घालू नका. पगारातून ई.एस.आय.ची कपात होत असेल तर, कामगार कंत्राटी असला तरी, नियमांत बसल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पुतण्याच्या पगारातून कपात होत होती. आम्ही चौकशी केली ती चौथ्या महिन्यात. तोवर घरात उसनवारी झाली होती.

संशयाने दुखणे वाढते

औषध आणि व्यायाम यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे घरच्यांचा विश्वास. आखडलेला गुडघा बाहेरून दिसत नाही. टाके सुकलेले, सूज उतरलेली, माणूस तरुण. मग त्याला कामचोर ठरवणे सोपे जाते. पुतण्याने पुढे एकदा सांगितले, "काका, दुखण्यापेक्षा तुमच्या नजरेचा त्रास जास्त होता. म्हणून मी दुखते असे सांगणेच बंद केले." त्याने सांगणे बंद केले म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही, आणि त्या काळात व्रण पक्का होत गेला. आमच्या संशयाने त्याचे किती आठवडे गेले, याचा हिशेब आम्ही आजही करतो.

तेव्हा माता-भगिनींनो, बंधूंनो, घरात कुणाचे असे ऑपरेशन झाले तर गुडघ्याखालची उशी काढा, टाचेखाली ठेवा. पट्टी घेऊन टाचा मोजा. तार ताणू नका, सैलही सोडू नका. आणि मुलगा किंवा मुलगी म्हणत असेल की "सरळ होत नाही," तर आधी त्याचे खरे माना आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दुसऱ्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी बुद्ध पौर्णिमा आली. पुतण्या जुन्या कामावर परतला नव्हता. मालकाने दुसरा माणूस ठेवला होता. पुढे त्याला एका गोदामात काम मिळाले. कबड्डीला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. पण त्या सकाळी विहारात तो खुर्ची सोडून खाली सतरंजीवर आला. एक हात जमिनीला टेकवून हळूच गुडघ्यांवर बसला. मग कपाळ जमिनीला लावले. शेजारी बसलेल्या आजीने प्रणाम करायचे सोडून त्याच्या टाचांकडे पाहिले. दोन्ही सारख्या होत्या.

जयभीम!